पासोड्या विठोबाजवळच्या दुरुस्तीवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

अमेरिकेहून आणलेला जुना, जाडजूड प्लेस्टेशन टू घेऊन आलो होतो, तो मी. मुलीनं तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला होता. मशीन १२० व्होल्टचं, आपली वीज २३०. चूक माझीच, मधे ट्रान्सफॉर्मर लागतो हे तिला सांगायचं राहिलं. आधीच्या दोन दुकानांत 'भंगारात द्या' असं ऐकून तुमच्याकडे पोचलो होतो.

तुम्ही स्क्रू काढायच्याही आधी मेमरी कार्ड काढून माझ्या हातात ठेवलंत. "मशीन दुसरं मिळेल, हे सांभाळा," म्हणालात. दादा, त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे. फ्यूज बदललात, लेन्स पुसलीत, शेवटी दुसऱ्या कार्डावर सगळं उतरवूनही दिलंत. पण मला ते पहिलं वाक्यच आठवत राहतं.

"एवढा जीव कशात अडकलाय? नवा गेम घ्या की," असं तुम्ही विचारलंत. काउंटरवर गर्दी होती, उत्तर राहून गेलं.

२००७ मध्ये मी कॅन्सस विद्यापीठात शिकायला लॉरेन्सला गेलो. बास्केटबॉल ज्यांनी शोधला त्या जेम्स नेस्मिथ यांनीच तिथला संघ सुरू केला. गावात दुसरा विषयच नाही. मला फक्त क्रिकेट कळायचं. हा खेळ मला शिकवला तो 'कॉलेज हूप्स टू-के-एट' या गेमनं आणि माझ्या नागपूरच्या रूममेटनं. झोन डिफेन्स, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणारा बचाव, कधी लावायचा, पुढे असताना वेळ काढत घड्याळ कसं खायचं, हे आधी हाताच्या बोटांना कळलं, मग डोक्याला.

त्या गेममध्ये संघ खरे, मैदानं खरी, पण खेळाडूंना नावं नव्हती. नुसती खेळायची जागा आणि नंबर. कॉलेजचे खेळाडू हौशी मानले जात, त्यांच्या नावावर कुणी पैसा कमवायचा नाही असा नियम. नंबर, उंची, अंगकाठी मात्र हुबेहूब. म्हणून नाताळच्या सुट्टीत, बाहेर बर्फ साचलेलं असताना, आम्ही दोघांनी कंट्रोलरवर एकेक अक्षर निवडत नावं भरली. १५ नंबर मारिओ चाल्मर्स. २५ नंबर ब्रँडन रश.

७ एप्रिल २००८ ला कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मेम्फिस विद्यापीठाविरुद्ध शेवटची दोन मिनिटं उरली असताना आम्ही, म्हणजे कॅन्सस, नऊ गुणांनी मागे होतो. २.१ सेकंद बाकी असताना चाल्मर्सनं तीन गुणांचा बास्केट टाकला, सामना बरोबरीत आला आणि जादा वेळेत ७५-६८ असा जिंकला. त्या रात्री लॉरेन्सच्या मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवर अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या. घर सोडून आल्यावर पहिल्यांदाच मला तिथलं झाल्यासारखं वाटलं.

आणि नवा गेम? त्या मालिकेतला हा शेवटचाच. दुसऱ्या कंपनीचा २००९ मध्ये आला, मग तोही थांबला. त्याच वर्षी एड ओबॅनन हा यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचा माजी बास्केटबॉल खेळाडू कोर्टात गेला. एका गेममध्ये त्यानं स्वतःला पाहिलं होतं, नाव नसलेलं, आणि त्याला एक पैसाही मिळाला नव्हता. त्याचं म्हणणं मला पूर्ण पटतं. गेम बंद झाले याचं वाईट वाटतं, पण खेळाडूंना २०२१ पासून स्वतःच्या नावावर कमवता येतं, हे जास्त मोठं आहे.

तर दादा, त्या कार्डावर ती नावं होती. आठ एमबीचं कार्ड, पण एक अख्खा हिवाळा त्यात मावला होता. परवा ते उघडल्यावर रूममेटला फोटो पाठवला. त्यानं लगेच फोन केला, आणि आम्ही तासभर बोललो. खूप वर्षांनी.

बाकावरच्या तिघांची नावं भरायची आमची तेव्हा राहून गेली होती. मुलीला ते खटकलं. एकाला तिनं स्वतःचं नाव दिलं, एकाला आजोबांचं. तिसरा तुमच्यासाठी ठेवलाय. पण दुकानाच्या चिठ्ठीवर नुसता नंबर होता, आणि नाव विचारायचं मी विसरलो. शनिवारी तिला घेऊन येतो.

तुमचा,
जाड प्लेस्टेशनवाला