निकाल माझा, घोर लेकीचा

प्रिय बाळ्या,

मी बरा आहे. रक्तदाब गोळीवर, गुडघा नशिबावर. ते सोड.

त्या जनुक-तपासणीचा निकाल आला. बीआरसीए२ या जनुकात दोष निघाला, स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा. म्हणजे अण्णांकडून आला. आत्या गेली त्या रात्री तू बाहेरच्या बाकावर बसून होतास (तिच्या लेकीसाठी बसला होतास, ते मला तेव्हाही कळत होतं). तेव्हापासून घरात सगळे धरून चालले की बापाकडच्या बायकांचा आजार मुलाच्या वाट्याला कुठला यायला! डॉक्टरसुद्धा कायम आईकडच्याच बायकांची चौकशी करायचे. हे बापाकडूनही तितकंच येतं, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळावं!

माझी मला फारशी भीती नाही. या दोषात शंभरातल्या सातेक पुरुषांना स्तनाचा कॅन्सर होतो, प्रोस्टेटचा धोका त्याहून मोठा. वेळच्या वेळी तपासण्या करायच्या, झालं. छाती दाखवायला गेलो तर फॉर्मवर ‘शेवटची पाळी कधी आली’ असा रकाना. मी ‘आठवत नाही’ लिहून दिलं. हस खुशाल.

पण चिऊ रे. तिच्यात उतरला असण्याची शक्यता निम्मी. उतरला असेल, तर अशा शंभर जणींतल्या साठाहून जास्त जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो. पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, चाळिशीच्या आसपास बीजकोश काढायचे का, हा प्रश्न. पोरगी तेवीस वर्षांची आहे! तिला सांगायला बसलो, तर तीच मला समजावत बसली, “बाबा, यात तुमचा काय दोष?” ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तपासणी मात्र आत्ता नको म्हणते. दोन वर्षांनी बघू. समुपदेशक बाई म्हणाल्या, जाणून घ्यायचं नाही हाही तिचा हक्क. मान्य. पण ती नुसती “दमले” म्हणाली की माझ्या पोटात गोळा येतो. कुणी तिच्या लग्नाचा विषय काढला की मी उठून जातो, कारण समोरच्या मुलाला हे कधी सांगायचं, कुणी सांगायचं, तेच डोक्यात फिरतं. बाई म्हणतात, सुरुवातीला बेचैनी वाढते, वर्षभरात बहुतेकांची ओसरते. म्हणजे हे पत्र मी पुढच्या वर्षी लिहायला हवं होतं.

दादाला कळवलं. “मला मुलगेच आहेत,” म्हणून मोकळा झाला. अरे, मुलग्यांतही उतरतो, त्यांच्याकडून त्यांच्या मुलींत! आता तो माझा फोनच घेत नाही. वहिनी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलं पाठवतात.

तू म्हणशील, कशाला उकरलंस? जे कळून सुख नाही ते विचारू नये, हे तुझं जुनंच. त्यावरून आपण अबोला धरला होता, आणि शेवटी बोलायला आलास तूच. मी तेव्हाही बरोबर होतो, आजही आहे. फक्त झोप लागत नाही.

चिऊ तुला फोन करणार आहे. तुला विचारल्याशिवाय तिचं पान हलत नाही. माझी वकिली करू नकोस. तुला जे वाटतं तेच तिला सांग, माझ्या उलट असलं तरी.

तुझाच,
नाना

ता.क. तुझ्या मोतीबिंदूचं काय झालं? आणि सूनबाईंची बदली रद्द झाली की नाही? सविस्तर लिही. मागच्यासारखं “सर्व ठीक” नको.