बैलाचा खांदा मळतो, मग आपल्या जांघेची लाज कसली?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थंडीच्या मोसमातल्या मॅरेथॉन शर्यतींवर आपल्या रविवारच्या पुरवणीत पानभर मजकूर आला होता. काय खावं, किती आठवडे सराव करावा, श्वास कसा धरावा, सगळं होतं. ते पान कापून मी आडतीवरच्या गल्ल्याच्या काचेखाली ठेवलंय. पण पळणाऱ्याला खरं छळतं त्याबद्दल त्यात एक ओळही नाही. जांघा काचतात, काखेत सालटं निघतात, टाचेला फोड येतात. हे लिहायला कुणीच धजत नाही असं दिसतं, म्हणून मी लिहितो.

मी लातूरच्या मार्केट यार्डात मुनीम आहे. वय छप्पन्न, मूळ गाव औसा तालुक्यात. पन्नाशीला साखर काठावर आली, डॉक्टर म्हणाले चालत जा. चालता चालता कधी पळायला लागलो ते कळलं नाही. वर्षभरात हिंमत करून एका मोठ्या शहरातल्या २१ किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. संयोजकांनी आदल्या दिवशी टी-शर्ट दिला, छातीवर प्रायोजकांची जाड रबरी छपाई असलेला. नवा, म्हणून हौसेनं तोच घातला. खाली रोजची सुती हाफ पँट.

बारा किलोमीटरपर्यंत मी राजा होतो. मग मांड्यांच्या आतल्या बाजूला चुरचुर सुरू झाली, पंधराला आग, आणि शेवटचे चार किलोमीटर मी नुकताच घोड्यावरून उतरल्यासारखा पाय फाकून पळालो. फोटोत पदक छान दिसतंय. त्याच्या दोन्ही बाजूंना शर्टावर दोन लाल ओघळ आहेत, तेही छान दिसतायत. गल्लीतल्या एकानं विचारलं, "मुनीमजी, पळताना पान खाल्लं होतं काय?" छातीची बोंडं त्या रबरी छपाईनं घासून रक्ताळली होती. बायको घाबरली, तिला वाटलं छातीचं काही झालं. शर्यतीपेक्षा त्या दिवशीची अंघोळ अवघड गेली. पहिला तांब्या ओतला आणि आतून अशी बोंब निघाली की लेकरानं दार ठोठावलं.

पुढचे चार दिवस मी आडतीवर तंगड्या लांब ठेवून बसत होतो. विचारणाऱ्याला सांगत होतो, पाय मुरगळलाय. खोटं. मुरगळलेला पाय सांगता येतो, काचलेली जांघ सांगता येत नाही.

आमच्या वडिलांकडे दोन बैल होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी व्हायची. कोमट पाण्यानं खांदे शेकायचे, मग तूप-हळद लावून हातानं मळायचे. जू जिथं घासतं तिथं बैलाचा खांदा येतो, सुजतो, पुढं फाटतो, हे कुणब्याच्या पोराला शाळेत जायच्या आधीच माहीत असतं. यार्डातला हमालसुद्धा पोतं घेताना मानेवर कापडाची घडी टाकतो. ज्यांना जनावराच्या अन् पोत्याच्या बाबतीत एवढं कळतं, ते पळायला उतरले की कोरड्या जांघेनं कसे उतरतात, हे मला आजवर उलगडलेलं नाही.

यात गूढ काही नाही. मी दिवसभर सोयाबीनची ओल मोजतो. बारा टक्क्यांच्या वर गेली की भाव पडतो. कातडीचंही ओलीशीच वाकडं आहे. साधी कोरडी कातडी सरकते. पूर्ण भिजून निथळणारी कातडीही बऱ्यापैकी सरकते. घामानं नुसती ओलसर, चिकट झालेली कातडी मात्र कापडाला धरून बसते. त्यात घाम वाळून मिठाचे कण उरतात, ते काचकागदासारखे चालतात. आपल्याकडे उन्हाळ्यात शर्टाच्या पाठीवर पांढरे नकाशे उमटतात ना, तेच मीठ. म्हणून कालचे न धुतलेले कपडे घालून आज लांब पळू नये. हे लिहायला सोपं आहे. २०१६ मध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा घामाचे कपडे रोज धुवा असं कुणी सांगितलं असतं तर त्याला आम्ही हाणलं असतं. पण निदान नुसत्या पाण्यातून खळबळून काढावेत. तेवढ्यानं मीठ जातं.

सुती कापड चांगलं, ही आपली पक्की समजूत. रोजच्या वापराला खरी, पळायला खोटी. सुती कापड घाम पितं आणि सोडत नाही, जड होतं, लोंबतं, घासतं. पळायला पॉलिस्टर किंवा नायलॉनचं हलकं कापड बरं, शिवण आतून चपटी असलेलं. गळ्यामागची कंपनीची पट्टी कात्रीनं काढून टाकावी. हाफ पँटच्या आत मी आता मांडीपर्यंतची तंग चड्डी घालतो, सायकलवाले घालतात तशी. त्यामुळे मांडी मांडीला लागत नाही, कापड कापडावर घासतं. यार्डातली पोरं हसली, आठवडाभर. मग त्यातल्याच दोघांनी हळूच विचारलं, कुठं मिळते?

आणि व्हॅसलीन. कुठल्याही मेडिकलात मिळणारी पेट्रोलियम जेली. १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं गेलं, म्हणजे दीडशे वर्षं जुना माल, तरी पळणाऱ्यांसाठी आजही याहून स्वस्त काही नाही. निघायच्या आधी जांघेत, काखेत, छातीच्या बोंडांवर, कमरेला नाडी बसते तिथं भरपूर लावायची. लाजत बोटभर लावून उपयोग नाही. दोन तासांच्या वर पळणार असाल तर वाटेत पुन्हा लावायची, घामानं ती निघून जाते. बोंडांवर मी कागदी चिकटपट्टी लावतो, ती जास्त टिकते. टाल्कम पावडरचा नाद मात्र सोडा. सुरुवातीला गार वाटते, घाम सुटला की तिचा लगदा होतो, त्याच्या गुठळ्या घासतात. खोबरेल पातळ, अर्ध्या तासात ओघळून जातं.

आता पाय. पायाचा फोड वरून घासून येतो असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे कातडी मोज्याला चिकटून जागेवर राहते आणि आत हाड पुढं-मागं सरकत राहतं. त्या ओढाताणीत कातडीचे आतले थर एकमेकांपासून सुटतात, पोकळी होते, तीत पाणी भरतं. म्हणून बूट सैल असला तरी फोड येतो अन् घट्ट असला तरी येतो. बूट संध्याकाळी विकत घ्यावा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो आणि लांब पळताना तो असाच फुगतो. पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. सगळ्यात वर एक जादा भोक असतं, बहुतेक जण ते मोकळंच सोडतात. नाडी त्याच बाजूच्या भोकात घालून लहानसा फास करायचा, दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून ओवून ओढायची. टाच जागेवर बसते, उचलत नाही. हे मला एका सायकल दुरुस्तीवाल्यानं शिकवलं, ज्यानं जन्मात शर्यत पळलेली नाही.

अजून एक. शर्यतीत पाणी देतात तिथं लोक डोक्यावर मगभर पाणी ओततात. ऊन असतं, बरं वाटतं. ते पाणी पाठीवरून, मांडीवरून थेट बुटात उतरतं. पुढच्या पाच किलोमीटरला तळव्याला फोड. वाकून मानेवर ओता, पाय मागं ठेवा.

कागदी चिकटपट्टीचं वर म्हटलं. जखमेवरचा कापूस धरायला दवाखान्यात वापरतात ती, मेडिकलात थोड्या पैशांत मिळते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २५० किलोमीटरच्या, सहा टप्प्यांच्या शर्यतीत १२८ धावपटूंवर हिचा प्रयोग केला. पट्टी लावलेल्या जागी फोड ४० टक्क्यांनी कमी आले. २०१६ मध्ये तो छापून आला. दर वेळी आपल्याला जिथं फोड येतो ती जागा आपल्याला ठाऊक असते. तिथं निघायच्या आधी, कोरड्या पायावर, सुरकुती न पडू देता लावायची. चुरचुर सुरू झाल्यावर थांबून लावली तरी बरं. "अजून थोडंच राहिलंय" म्हणून जो पळत राहतो तो घरी लंगडत येतो.

पळणाऱ्यांचंच कशाला बोलू? आश्विनात आमच्या भागातून माणसं तुळजापूरला चालत निघतात. लातूरहून ७५ किलोमीटरच्या आसपास पडतं. दोन वर्षांमागं मीही गेलो. औसा सोडलं, उजनीला बासुंदी खाऊन घेतली (तिथं न थांबता पुढं जाणं हेही पापच), आणि रात्री एका शाळेच्या व्हरांड्यात पाहिलं तर निम्मी माणसं तळवे वर करून बसलेली. बायांचं सगळ्यात हाल. पहाटे अंघोळ करून ओलसर लुगड्यावरच निघायचं, परकराची नाडी कमरेला कचकच करत राहते. एक सत्तरीच्या आजी मात्र निवांत तंबाखू मळत होत्या. नऊवारीचा कासोटा घातलेला, म्हणजे मांड्यांच्या मधे आयतं कापड. पिशवीत एरंडेलाची बाटली. मला म्हणाल्या, "खोबरेल पळतंय बाबा, एरंडेल बसतंय." घरी येऊन लावून पाहिलं. बसतं खरं. कपड्यांचं मात्र वाटोळं होतं.

त्याच व्हरांड्यात दोघं जण फोडातून सुईनं दोरा ओवून तो आत तसाच ठेवत होते, पाणी झिरपून जावं म्हणून. एकाजवळ बिब्बा होता. कृपा करून हे दोन्ही छापा: दोऱ्यावरून घाण आत जाते, आणि बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजून नवे फोड येतात. लहान फोड फोडूच नये, त्याची कातडी हीच त्याची पट्टी. मोठा, ठणकणारा असेल तर साबणानं धुऊन, निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी न ओरबाडता झाकून ठेवावी. ज्याला साखर आहे त्यानं यातलं काहीही घरी करू नये, सरळ डॉक्टरकडे जावं. मी काठावरचा असल्यानं हे माझ्या डॉक्टरांनी मला दोनदा बजावलंय.

जांघेतलं प्रत्येक लाल काचल्यानंच असतं असंही नाही. विश्रांती घेतली, कोरडं ठेवलं की काचलेलं दोन-चार दिवसांत वाळतं. कडा उठलेली असेल, खाज असेल, चट्टा गोल पसरत असेल तर तो नायटा. त्यावर दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून चोळलं की आधी आराम पडतो, मग तो दुप्पट पसरतो आणि कातडी पातळ होते. यार्डातल्या एका हमालानं वर्षभर हे केलं. डॉक्टरला दाखवायची लाज, मेडिकलवाल्याला सांगायची नाही.

लाजेचा खरा भार पोरींवर आहे. पहाटे पाचला रिंग रोडला पोलीस भरतीच्या पोरी पळताना दिसतात. परीक्षेला त्यांना ८०० मीटरच पळायचं असतं, पण सराव रोज सहा-सात किलोमीटरचा. माझी पुतणी त्यात आहे. पाळीच्या दिवसांत पॅडच्या कडा मांडीला घासून सालटं निघतात, ती पळायला जाणंच बंद करते, आणि तिचे गुरुजी म्हणतात पोरगी आळशी. हे तिनं काकूला सांगितलं, काकूनं मला. मी काकूकडून व्हॅसलीनची डबी पोहोचवली आणि तंग चड्डीचं दुकान सांगितलं. गुरुजींना कोण सांगणार? म्हणून इथं लिहितोय, ते आपला पेपर वाचतात. मुलांचंही एक सांगतो. राज्य राखीव दलाच्या ५ किलोमीटरसाठी वर्षभर जुन्या बुटात सराव करायचा आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी बापानं उसने पैसे काढून आणलेला नवा बूट घालायचा, हा आपल्याकडचा नेम झालाय. नवा बूट, नवा मोजा, नवा शर्ट, काहीही असलं तरी आधी चार-पाच वेळा त्यात पळून पाहावं.

संयोजकांना एवढीच विनंती. पाण्याच्या टेबलावर एका ताटलीत पेट्रोलियम जेली आणि आइस्क्रीमच्या लाकडी काड्या ठेवा. काड्या यासाठी की शंभर माणसांची बोटं एकाच डबीत जाऊ नयेत. आणि त्यावर मराठीत ठळक लिहा, "अंगाला लावायची." एका शर्यतीत माझ्यासमोर एकानं ती, पळताना ताकदीसाठी खातात ती जेल समजून तोंडात घातली होती, आणि बिचारा थुंकायचं की गिळायचं या विचारातच पुढचा किलोमीटर पळाला.

पत्र लांबलंय, जागेनुसार काटछाट करावी. फक्त 'जांघ' हा शब्द गाळून तिथं टिंबं घालू नका.

आपला,
एक वाचक, मार्केट यार्ड, लातूर