मागच्या सीटवरचा मित्र

संपादक महोदय,

रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमांत महाविद्यालयीन मुलांना चेंदामेंदा झालेल्या गाड्यांचे फोटो दाखवतात. त्याचा परिणाम पार्किंगपर्यंतही टिकत नाही. फोटोतल्याला गाडी येत नव्हती, मला येते, अशी मुलाची खात्री असते आणि रस्ता ती रोज पक्की करतो. शंभरदा कट मारला, शंभरदा काही झाले नाही. थोडक्यात वाचला, तर त्यालाही तो आपला कंट्रोलच समजतो.

मला त्याहून काळजी वाटते ती मागे बसणाऱ्याची. अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळावर प्रयोग केला. मित्र सोबत असताना किशोरांनी घेतलेली जोखीम जवळपास दुप्पट झाली, प्रौढांची मात्र वाढली नाही. गंगापूर रोडच्या सिग्नलवर पाहा. आकडा पाचवर आला की मागचा पाठीवर थाप मारतो, ‘पिळ भावा!’, आणि हिरवा लागायच्या आत गाडी झेब्रा पट्ट्यांपुढे गेलेली असते.

भीती दाखवण्यापेक्षा मुलांना हिशेब दाखवावा. कॉलेजच्या मैदानावर चुन्याच्या दोन रेघा मारा, अडथळा दिसला त्या जागेपासून 37 आणि 57 मीटरवर. कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावून ताशी 60 किलोमीटरची गाडी साधारण पहिल्या रेघेवर थांबते. त्यातले 17 मीटर तर ब्रेक लागेपर्यंतच्या एका सेकंदातच जातात. 80 ची थांबते दुसऱ्या रेघेवर. पहिली रेघ ओलांडताना तिचा वेग अजून 60 च्या आसपास असतो! घाबरून नुसता मागचा ब्रेक दाबला, तर चाक जाम होऊन गाडी घसरते आणि अंतर आणखी वाढते. पहिल्या पावसात तर विचारूच नये.

न्यूझीलंडमध्ये नव्या चालकाच्या रात्रीच्या गाडीवर आणि सोबत्यांवर 1987 पासून बंधने आहेत. आपल्याकडे ती घरानेच घालावीत: पहिले वर्षभर मागे मित्र नाही, रात्री नऊनंतर चावी खुंटीला. आणि ‘क्लास लांब आहे’ म्हणून सोळाव्या वर्षी बाइक देणाऱ्या पालकांनी 2019 ची कायदादुरुस्ती वाचावी. अल्पवयीनाने वाहतुकीचा गुन्हा केला, तर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मागे बसणाऱ्यालाही एक वाक्य शिकवायला हवे: ‘मला इथे उतरव.’ ‘हळू चालव’ म्हटले की ‘घाबरलास का?’ सुरू होते. उतरायचे म्हटले की गाडी थांबवावीच लागते.

– एक समुपदेशक, नाशिक