होलाशोवित्सेच्या आजी, त्या खुर्चीबद्दल थँक्यू

प्रिय आजी,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडेल की नाही ठाऊक नाही. तुमची नात हे तुम्हाला समजावून सांगेलच, पण मला हे चारचौघांत बोलायचं होतं म्हणून उघड लिहितेय.

चेक रिपब्लिकमधल्या तुमच्या गावी, होलाशोवित्सेला, यायच्या आधी जे ऐकून घेतलं ते अजून डोक्यातून जात नाही. टूरवाले पैसे घेताना गोड गोड बोलले आणि आईचा गुडघा बघितल्यावर म्हणे एवढ्या वयाच्या लोकांना आणता कशाला, त्या खेड्यात आहे काय बघण्यासारखं, बसमधेच बसवून ठेवा त्यांना. तिच्या तोंडावर बोलले हो! आम्ही ती टूर सोडली आणि चेस्के बुद्येयोवित्से या जवळच्या शहरातून लोकल बसने आपले आपण आलो.

गावात पोचेपर्यंत आईचा पाय चांगलाच दुखायला लागला होता, ती तुमच्या कमानीपाशी भिंतीला टेकून उभी राहिली. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. आत जाऊन लाकडी खुर्ची आणलीत, वर उशी टाकलीत, आई बसणार तेवढ्यात तुम्ही "थांबा" असा हात केलात आणि खुर्ची उचलून तळ्याकडे तोंड करून ठेवलीत, म्हणजे बसल्या जागी तिला समोरच्या घरांची अख्खी रांग दिसेल. आजी, खुर्ची कोणीही देईल, पण ही बाई दमलीये तरी बघायला आलीये हे ओळखून ती वळवून ठेवणं, ते मला आठवलं की अजून भरून येतं.

आणि काय दिसत होतं तिथून! पांढऱ्या-पिवळ्या भिंती, वरती लाटेसारखी वळणं घेतलेली त्रिकोणी तोंडं, त्यावर रंगीत नक्षी आणि बांधल्याचं साल, दोन घरांच्या मधे गाडी आत जाईल अशी कमान. हिरवळीवर 1755 चं ते छोटंसं चॅपल, नेपोमुकच्या संत जॉनचं. राजवाड्यांना असते तसली बरोक शैली, पण इथे शेतकऱ्यांनी स्वतःच्या घरांवर चढवलेली. आई एकेक साल मोठ्याने वाचत होती.

मग तुम्ही शेजारी बसून सांगत गेलात आणि नात इंग्लिशमधे सांगत गेली. 1263 पासून गावाचा उल्लेख सापडतो, 1292 मधे राजाने ते विश्शी ब्रोदच्या ख्रिस्ती मठाला देऊन टाकलं. 1520 ते 1525 च्या प्लेगात अख्ख्या गावात दोनच माणसं जिवंत राहिली. दोन! मठाने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून माणसं आणून गाव पुन्हा वसवलं, गाव जर्मन बोलायला लागलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच जर्मनांना हाकलून दिलं. घरं ओस पडली, कम्युनिस्ट राजवटीत पडझड झाली, 1990 नंतर लोकांनी ती एकेक करून उभी केली आणि 1998 मधे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गाव आलं. मधल्या काळात कोणी फारसं नवीन बांधलंच नाही म्हणून मध्ययुगातली आखणी तशीच टिकली.

घरं ओस पडली हे ऐकल्यावर आई एकदम बोलायला लागली. तिचं माहेर कोयना धरणाच्या पाण्यात गेलं, ती लहान असताना. हे ती आमच्याशीही कधी धड बोलत नाही, तुमच्याशी मात्र मराठीतच बोलत सुटली, मी मधेमधे इंग्लिश करून सांगत होते, आणि तुम्ही तिचा हात धरून सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलंत. घाई नाही, घड्याळाकडे बघणं नाही.

चांगुलपणा अजून शिल्लक आहे असं लोक म्हणतात तेव्हा मी मान डोलवायचे नुसती. आता म्हणणाऱ्याला मी तुमच्याबद्दल सांगते. पैसे घेऊन माणसाला ओझं समजणारे आणि ओळख ना पाळख तरी उशी आणून देणारे, दोन्ही एकाच प्रवासात भेटले. आजी, तुमच्यासारखी माणसं प्रत्येक गावात एक जरी असली ना, तरी म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर पडायची भीती वाटणार नाही.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. बरी झाली की जुलैतल्या तुमच्या गावच्या जत्रेला यायचं असं तिने स्वतःच ठरवून टाकलंय. तिने केलेल्या चकल्या पोस्टाने पाठवल्यात, जरा तिखट आहेत, चहाबरोबर खा.

तुमची,
आईची मोठी मुलगी