विषय : ओलसर सुके बोंबील, वाळूमिश्रित जवळा आणि पाकिटावरची चुकीची कृती

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मागवलेले सुके बोंबील (५०० ग्रॅम) आणि सुका जवळा (२५० ग्रॅम) खाण्यालायक नाहीत. फोनवर तक्रार केली तर "सुक्या मासळीला वास येणारच" असं सांगून बोळवण केली गेली. हे उत्तर मला मान्य नाही.

वासावासात फरक असतो. कडकडीत वाळलेल्या बोंबलाचा वास उग्र, पण खारा असतो आणि तव्यावर पडताच खमंग होतो. तुमचं पाकीट फोडल्याबरोबर नाकाला झोंबला तो मुतारीसारखा अमोनियाचा वास. मासळी आतून कुजायला लागली की तो येतो. ताज्या बोंबलात जवळजवळ ९० टक्के पाणीच असतं. म्हणून तर कोळीवाड्यात जबड्यात जबडा अडकवून ते वलांडीवर (बांबूंना बांधलेल्या दोरीवर) टांगतात. ऊन आणि वारा दोन्ही लागले पाहिजेत. चांगला बोंबील कट्कन मोडतो. हे मात्र नुसते वाकतात. मधल्या काट्यालगत गर चिकट, काळपट आहे आणि डोक्यापाशी पांढरी बुरशी धरली आहे. असा ओला माल हवाबंद केला तर हवा जाते, ओल आतच राहते.

पाकिटावर 'बिनमिठाचे' छापलंय, पण कल्ल्यांत मिठाचे खडे दिसतात. मिठाने वजन वाढतं आणि पावसाळी हवेत तेच मीठ पाणी ओढतं. बेगमीसाठी घेणाऱ्याचं यात दुहेरी नुकसान आहे.

जवळ्यावर 'स्वच्छ केलेला, थेट वापरा' लिहिलंय. चाळून, पाखडून आणि तीन पाण्यांनी धुऊनही पातेल्याच्या तळाशी रेती उरतेच. माल उघड्या वाळूवर वाळत घातला असणार. म्हणजे आम्ही जवळ्याच्या भावाने रेती घेतली.

पाकिटाच्या मागच्या बाजूची, बोंबील रात्रभर भिजवून तेलात टाकायला सांगणारी कृतीही बदला. रात्रभर भिजवलेल्या बोंबलाचा लगदा होतो, चव पाण्यात जाते आणि तो ओला गोळा तेलात टाकला की घरभर वास कोंदतो. डोकं, शेपूट, पर कात्रीने काढून दोन-दोन इंचांचे तुकडे करावेत. कोरड्या तव्यावर मंद आचेवर डाग पडेपर्यंत भाजावेत, मग १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवून, दोनदा धुऊन घट्ट पिळावेत. ठेचलेला लसूण आणि भरपूर कांदा परतून मगच घालावेत. उतरवण्याआधी ४-५ आमसुलं. जवळा आधी चाळून कुरकुरीत भाजायचा, मग धुवायचा. धुऊन भाजायला गेलं तर तो तव्याला चिकटतो. शेजाऱ्यांच्या धास्तीने सुकं करणं सोडलेल्या फ्लॅटवाल्यांना नेमकी हीच माहिती हवी असते.

माझ्या मागण्या : दोन्ही वस्तूंचे पूर्ण पैसे आणि घरपोच शुल्क परत करावे, या खेपेचा माल विक्रीतून काढावा, 'बिनमिठाचे' आणि 'थेट वापरा' हे दावे हटवावेत. पॅकिंगची तारीख पुसट आहे, ती वाचता येईल अशी छापावी.

फोटो सोबत जोडले आहेत. उरलेला माल तपासणीसाठी फ्रीझरमध्ये ठेवला आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवेन.

आपली,
एक ग्राहक