व्यायाम सांगता, तर कपड्यांचंही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरोदर बाईने चालावं, हलकी आसनं करावीत, बाळंतपणानंतरही हळूहळू व्यायामाला लागावं, हे आता डॉक्टर सांगतात आणि आपल्या महिला पुरवणीतही वरचेवर छापून येतं. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटं असा हिशेबच घालून दिला आहे. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल, तर गरोदर आणि बाळंत दोघींनाही तो लागू आहे. पण हे सगळं करायचं कोणत्या कपड्यांत, ते कोणीच सांगत नाही. मी चिपळूणमध्ये बायकांचे कपडे शिवते. कितीतरी जणींचं चालणं आळसामुळे नाही, निव्वळ कपड्यांमुळे थांबलेलं मी पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

मापं देता देता बायका बोलतात. सातवा महिना लागलेली एक मुलगी म्हणाली, "काकू, साडी नेसून पिना लावेपर्यंतच मला दम लागतो, चालू कधी?" बहुतेकजणी घरी गाऊन घालतात. गाऊन सैल असतो हे खरं, पण जिना चढताना तो पायात येतो आणि कुशीवर झोपून पाय उचलायचा म्हटलं की गुडघ्याच्या वर सरकतो. लेगिंग घालून सासऱ्यांसमोरून बाहेर पडायला संकोच वाटतो. मग गच्चीवर दोन फेऱ्या होतात, नाहीतर त्याही होत नाहीत. मांडीपर्यंत येणारा, दोन्ही बाजूंना उंच कट ठेवलेला सैल कुर्ता आणि खाली पायात न अडकणारी पँट एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. त्यासाठी महागाचं काही विकत घ्यावं लागत नाही.

पँट शिवताना मी नेफ्यात भोकांचं इलॅस्टिक घालते. शाळेच्या मुलांच्या पँटला असतं तेच, आतून बटण लावायचं. पोट वाढेल तसं एकेक भोक सोडत जायचं आणि बाळंत झाल्यावर पुन्हा आवळत यायचं. पुढची बाजू पोटाखाली उतरती कापते आणि मागची उंच ठेवते, म्हणजे वाकलं तरी पाठ उघडी पडत नाही. पँटच्या आसनात, म्हणजे दोन्ही पाय जोडतात तिथे, एक चौकोनी तुकडा जोडते, नाहीतर उकिडवं बसताना मांडीत कापड ओढतं आणि नेमकी तिथलीच शिलाई उसवते. कुर्त्याला दोन्ही कुशींत भरपूर माया सोडते. नवव्या महिन्यात तो उसवून सैल करता येतो, नंतर परत आत घेता येतो.

कपडा तयार झाला की दुकानातच तिला तो घालून बसवते. मांडी घालायची, हात वर करायचे, भिंतीला धरून अर्धं खाली बसायचं आणि मग थोडा वेळ नुसतं बसून राहायचं. पोटाखाली किंवा छातीखाली लाल वळ उमटला, तर तो कपडा व्यायामाचा नाही, आरशात कितीही छान दिसो. तयार कपडे घेणाऱ्यांनीही दुकानात एवढं करून पाहावं. दुकानदार घाई करील, त्याच्याकडे लक्ष देऊ नये.

कापडाविषयी माझं मत ठाम आहे. पोटुशीला मुळातच जास्त उकडतं आणि व्यायामात अंग फार तापू देऊ नये असं डॉक्टर बजावतात. चांगल्या प्रतीचं व्यायामाचं पॉलिस्टर घाम बाहेर ओढतं आणि चटकन वाळतं, पण स्वस्तात मिळणारं चकचकीत कापड आमच्या कोकणच्या दमट हवेत अंगाला चिकटतं आणि छातीखाली, जांघेत खाज सुटते. जाड सुती कापड घाम पितं खरं, पण पावसाळ्यात ते दोन दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर कपडा अंगावर चढवला की पुन्हा तीच खाज. पातळ होजिअरी, सुतात थोडी लायक्रा मिसळलेली, मला सगळ्यात बरी वाटते. जाड एक जोड घेण्यापेक्षा पातळ दोन घ्याव्यात.

ब्रेसियरकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. गरोदरपणात छाती तर वाढतेच, बरगड्यांचा घेरही वाढतो, म्हणून जुनी ब्रेसियर श्वासाला अडते आणि बाईला वाटतं की चालण्यानेच धाप लागली. कटलरीच्या दुकानात हुकांची जोडपट्टी मिळते, ती लावली की काही आठवडे निभतं. पुढे मात्र माप घेऊन नवीनच घ्यावी. खांद्याचे पट्टे रुंद असावेत आणि तार नसावी. अंगावर पाजणाऱ्या बाईने तर घट्ट ब्रेसियर घालूच नये. एकाच जागी दाब पडत राहिला की दूध साकळतं, गाठ धरते, कधी तापही भरतो. व्यायामाला उठण्याआधी बाळाला पाजून घ्यावं, छाती हलकी होते. डोक्यावरून घालायची ब्रेसियर घामाने ओली झाल्यावर निघता निघत नाही आणि तोवर बाळ रडून घर डोक्यावर घेतं, त्यामुळे पुढे हुक किंवा चेन असलेलीच घ्यावी. पान्हा फुटतो म्हणून व्यायामाला न जाणाऱ्याही आहेत. त्यांना मी जुन्या धोतराच्या मऊ घड्या आतून ठेवायला सांगते. ओली झाली की बदलायची.

सिझर झालेल्या बाईच्या पँटचा कमरेचा पट्टा टाक्यांवर येता कामा नये. नाड्याची गाठ बरोबर टाक्यांवर बसलेली सलवार घालून माझ्याकडे आलेली एक बाळंतीण मला अजून आठवते. बिचारी सारखी हाताने कापड पुढे ओढून धरत होती. अशांना मी बेंबीच्या वर जाणारा रुंद, मऊ पट्टा लावून देते आणि नाडा घालतच नाही. व्यायाम कधी सुरू करायचा ते मात्र तिच्या डॉक्टरांनीच सांगायचं. सुरुवातीचे काही आठवडे अंगावरून जात असतं, तेव्हा पॅड नीट बसेल अशी सुती निकर आणि वर गडद रंगाची पँट असली की मनातली धास्ती जाते.

आपल्याकडे बाळंतिणीचं पोट बांधतात. आई, आजीने मायेने बांधलेल्या पट्ट्याला मी नावं ठेवणार नाही, सैलसर बांधला तर कंबरेला आधारही वाटतो. पण करकचून बांधून वर व्यायाम करू नये. त्याचा दाब खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो आणि ते आधीच बाळंतपणाने थकलेले असतात. हे मला आमच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावून सांगितलं आणि तेव्हापासून पट्टा शिवून मागणाऱ्या प्रत्येकीला मी ते सांगते.

चपलांबद्दल एवढंच की बाथरूम स्लिपर घालून चालायला जाऊ नये. दिवस भरत येतात तसा तोल पुढे जातो, सांधे सैल होतात. टाचेमागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी, तीही पाय सुजलेले असतात तेव्हा, संध्याकाळी.

माझी मागणी साधी आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तपासणी होते. तिथे लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल सांगतात तसंच दोन वाक्यं कपड्यांबद्दलही सांगावीत आणि एक शिवलेला नमुना भिंतीवर टांगून ठेवावा. हात लावून पाहिला की बाईला लगेच कळतं. 'उमेद'च्या बचत गटांतल्या शिवणकाम येणाऱ्या बायकांनी हे कपडे शिवले, तर गावातल्या गावात परवडणाऱ्या दरात मिळतील आणि त्यांनाही काम मिळेल. कुर्ता आणि पँट दोन्हींचं पेपर कटिंग, म्हणजे कापड बेतायचा कागदी साचा, मी विनामोबदला करून देईन. आपण हे पत्र छापलंत आणि एखाद्या गटाने विचारणा केली, तर ते आपल्या कार्यालयात आणून देईन.

– शिवणकाम करणारी एक वाचक, चिपळूण