पीएचडी करायची म्हणतो ना, मग हे वाच

प्रिय पक्या,

काय भो, कसा शे? "सोशोलॉजीत पीएचडी करू का, हो की नाही एवढंच सांग" म्हणे! एका शब्दात सांगायला मी काय ज्योतिषी आहे का, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी कटकटीचं उरकतो. नेट दे, म्हणजे प्राध्यापकी-संशोधनासाठीची देशपातळीवरची परीक्षा. 2024 पासून नेटच्या मार्कांवर पीएचडीला ॲडमिशन मिळते, पण जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, नाही बसली तर मार्कांना 70 टक्के वेटेज आणि मुलाखतीला 30, आणि ते मार्क वर्षभरच चालतात. बसली तर सुरुवातीला महिन्याला 37 हजार, नाही बसली तर घरी आधीच बोलून ठेव, कारण नियमाने कमीत कमी 3 वर्षं आणि 6 पर्यंत जातात, तोवर प्रत्येक लग्नात "अजून शिकतोच का रे" ऐकायचं.

आता विषय. "जागतिकीकरण आणि ग्रामीण समाज" हे टायटल झालं भो, यात प्रश्न कुठंय? तू रावेरचा, तुमच्या बांधावरून रोज केळी कटाईची टोळी जाते, तिच्यावर कर ना! जळगावच्या केळीला 2016 ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचं मानांकन, मिळालं, पण घड खांद्यावर वाहणारे कुठून येतात, टोळीत कोण कोणाचा नातेवाईक, अंगावर किती पैसे घेतलेत, हे तुला तरी माहितीये का?

माझं नंदुरबारच्या धडगावकडचं, गुजरातला ऊसतोडीला जातात त्यांच्यावर चाललंय. तिथं हिशोब कोयत्यावर, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, नवऱ्याच्या हातात, त्यामुळे बाईची मजुरी वेगळी अशी कुठं दिसतच नाही. मुकादम उभा असला की उचलीचा आकडा सगळे सारखाच सांगतात, संध्याकाळी चुलीजवळ बायका बोलायला लागल्या की वेगळाच निघतो, आणि त्या बोलतात पावरीत, म्हणजे तिकडच्या आदिवासी बोलीत. म्हणून मी आधी पावरी शिकत बसलो. सर म्हणे प्रश्नावली कुठंय, म्हटलं सर अजून "जेवले का" पण धड विचारता येत नाही, उचल काय विचारू? हसले, पण थांबले, सगळेच गाईड थांबत नाहीत.

आणि हो, नोट्स त्याच रात्री लिहायच्या आणि दोन ठिकाणी ठेवायच्या. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या गावावरच्या तयार नोट्स 1970 ला स्टॅनफर्डला आगीत गेल्या, त्यांनी आठवणीवरून पुस्तक उभं केलं, पण ते श्रीनिवास होते, तुला तर काल काय जेवला ते आठवत नाही.

बाकी नुसतं नावापुढे डॉ. लावायला आणि प्राध्यापकाच्या जागेसाठी करत असशील तर नको करू, जागा निघतात कधी आणि भरतात कशा ते तुला मी सांगायला नको. पण त्या टोळीबद्दल खरंच डोक्यात काही वळवळत असेल तर कर.

गाईड मात्र नावावरून नको निवडू, त्यांच्याकडच्या पोरांना एकट्यात गाठून विचार की चॅप्टर दिला तर किती दिवसांनी परत येतो. वर्षभर टेबलावर पडून राहतो म्हणाले तर तिथूनच परत फिर. विषय पक्का झाला की एक पानभर लिहून पाठव, लाल पेन घेऊन बसतो.

तुझाच,
सुन्या